भिंतीपलीकडचे पाणी

पौषातल्या एका सकाळी देवरावच्या मुलाचा फोन आला. "साहेब, बाबा गेले जी." कधी आणि कसे, एवढेच मी विचारले. त्याला आता दीड महिना झाला.

देवराव नागपूरजवळच्या एका कोळसा खाणीत पंपचालक होता. मी तेथील पाण्याच्या निचऱ्याची पाहणी करणारा अधिकारी. आमच्या खाणीला लागून एक जुनी, बंद पडलेली खाण पाण्याने भरून होती. मध्ये कोळशाचीच जाड भिंत राखलेली. देवराव रोज लोखंडी सळईने त्या भिंतीवर दोन ठोके देई आणि सळईला कान लावी. भरीव भिंतीत आवाज लगेच विरतो, पाणी जवळ आले की रेंगाळतो, असे त्याचे म्हणणे. सोबतचे कामगार चेष्टा करीत, "काहून गा देवराव, सासुरवाडी हाय का तिकडं?"

"हाव. अन् सासरा जागा होऊन राहिला," तो न हसता म्हणे.

एका हिवाळ्यात, खाणीत झिरपणारे पाणी जेथे साठे त्या हौदातील मोजपट्टीवर पाणी तीन आठवडे एकाच आकड्यावर होते. मी नोंदवहीत 'पातळी स्थिर, समाधानकारक' असे लिहिले. देवराव शेजारी उभा होता.

"साहेब, थंडीत पाणी उतराले पाहिजे. हे काहून थांबून राहिलं? आपलं उतरते, तितकंच तिकडून येते."

"पट्टी खोटे बोलते का?"

"पट्टी नाही बोलत जी. भिंत बोलते."

त्याने सळई माझ्या हाती दिली. केवळ त्याला गप्प करावे म्हणून मी दोन ठोके दिले आणि कान लावला. आवाज आत गेला... आणि दार उघडण्यासाठी कोणी अंधारात चाचपडत यावे, तसा बराच वेळ पलीकडे हिंडत राहिला. भिंतीजवळ पाळीची माणसे काम करीत होती. मी त्यांना तत्काळ वर काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत फुटली. आत कोणीही नव्हते.

अहवालात मी लिहिले, 'पाहणीदरम्यान धोका आढळला.' सळईचा ठोका अहवालात शोभत नाही, असे मला वाटले होते. देवरावने कधी विचारले नाही. मीही कधी बोललो नाही. म्हणून आज येथे लिहितो : तो धोका मी ओळखला नव्हता. देवरावने ओळखला होता.

गेल्या आठवड्यात रामटेक रस्त्यावरील त्याच्या घरी गेलो. त्याच्या खाटेजवळ भिंतीवर बोटभर खळगा पडलेला होता, ठोक्यांनी गुळगुळीत झालेला. सळई कोपऱ्यात उभी होती.

"रोज सकाळी ठोकत," सून म्हणाली. "शेवटी शेवटी म्हणत, जवळ येऊन राहिलं."

भिंत विटांची, कोरडी. तिच्यामागे ऊन पडलेले अंगण. सून चहा ठेवायला आत गेली. मी सळई उचलली, त्याच खळग्यावर दोन ठोके दिले आणि कान लावला.

आवाज लगेच विरला नाही.