गजभियेसाहेबांचं बोर्बन

शामराव गजभियेंच्या नाकाची आमच्या अख्ख्या सोसायटीला धास्ती होती. मयूर विहारमधल्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहायचे. जिना चढता चढता कोणाच्या घरी काय शिजतंय हे ते सांगायचेच, शिवाय ते करपायला किती वेळ उरलाय हेही सांगायचे. एकदा माझं दार वाजवून म्हणाले, "सुनेत्राताई, हळद बदला. मक्याचं पीठ मिसळलंय त्यात." मी जाम चिडले. दुकानदाराशी भांडायला मात्र तीच हळद घेऊन गेले, आणि त्यानं मुकाट्यानं बदलून दिली.

नाक हा त्यांचा पेशाच होता. भंडाऱ्याकडचा हा माणूस सरकारी प्रयोगशाळेत चहा, मसाले, तेल तपासत दिल्लीत म्हातारा झाला. वरून कोणीही काहीही सांगो, स्वतः चाखल्याशिवाय मत द्यायचं नाही, असा त्यांचा हट्ट. त्यापायी बढती हुकली, हट्ट तसाच राहिला. निवृत्त झाल्यावर ते घरातल्या डब्यांची झाकणं उघडून हुंगत बसायला लागले, तेव्हा त्यांच्या पत्नी, कौसल्याताई, मला म्हणाल्या, "यांना कुठंतरी कामाला लावा हो. मला माझ्याच स्वयंपाकघरात चोरासारखं वाटतंय."

काम आलं ते गुडगावहून. तेव्हा त्याला गुडगावच म्हणायचे. मोहरीच्या शेतात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. परदेशी दारू इकडे आणणं सोपं झालं होतं आणि ती आणणाऱ्या एका नव्या कंपनीला चव पारखणारा माणूस हवा होता. शामराव चार्टर्ड बसनं मुलाखतीला गेले आणि नोकरी घेऊनच आले. चपला काढता काढता म्हणाले, "बोर्बनची कंपनी आहे. चव बघायची."

"अगं बाई, बिस्किटांची?" कौसल्याताई म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे बोर्बन म्हटलं की दुसरं काय डोळ्यांपुढे येतं? दोन चॉकलेटी बिस्किटं, मध्ये क्रीम, वर साखरेचे दाणे. अमेरिकेत त्याच नावाची मक्याची व्हिस्की असते, हे आम्हाला कोण सांगणार? मी तिथंच बसले होते आणि मीही बिस्किटच समजले. शामराव काहीतरी बोलायला गेले, पण तोवर कौसल्याताईंनी नागपूरला फोन लावला होता. "श्रावस्ती, पप्पांना बिस्किटांच्या कंपनीत नोकरी लागली बघ!" लेकीनं तिकडून टाळ्या वाजवल्या. शामरावांनी तोंड मिटलं, आणि मग ते उघडायची वेळच येईना.

माणूस भित्रा नव्हता. पण त्या घरात दारूचं नावही निघत नसे. कौसल्याताईंचे वडील दारूपायी गेले होते. लग्न ठरताना त्यांनी बाकी काहीच मागितलं नव्हतं. एकच अट घातली होती, थेंबही घ्यायचा नाही. शामरावांनी शब्द दिला आणि तो पाळला. दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये आसपासची बौद्ध कुटुंबं जमायची. वंदना शामराव घ्यायचे. ते एकेक शील म्हणायचे, त्यांच्यामागून सगळे म्हणायचे. पाचवं शील मद्यापासून दूर राहायचं. नोकरी लागल्यापासून नेमकं तिथंच त्यांना ठसका लागायला लागला. कौसल्याताई म्हणायच्या, गुडगावची धूळ.

खोटं निभावायला पुरावा लागतो. शामराव येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून बोर्बनचे पुडे घेऊन येऊ लागले. कपाट भरलं. वंदनेनंतर कौसल्याताई ते मुलांना वाटायच्या आणि अभिमानानं सांगायच्या, "आमच्या ह्यांनी पास केलेली बिस्किटं आहेत." हे ऐकताना शामरावांचा चेहरा असा व्हायचा की मला वाटायचं, बिचाऱ्यांचं पोट बिघडलंय.

तिकडे कंपनीत काम जोरात चाललं होतं. पेल्यात थोडी ओतायची, हुंगायची, चार थेंब पाणी घालून पुन्हा हुंगायची, जिभेवर फिरवायची आणि पिकदाणीत थुंकायची. थुंकलं म्हणजे प्यायलो नाही, अशी शामरावांनी मनाशी समजूत घातली होती. चूळ भरली म्हणून कोणाची तहान भागते का? कामात ते रमले मात्र मनापासून. स्वस्तातली बोर्बन हुंगून म्हणायचे, "यात मका कच्चा राहिलाय," किंवा "हिला नेलपॉलिशचा वास येतोय." चांगली असली की त्यांना काकवी आठवायची, खोबऱ्याची वडी आठवायची, जळक्या लाकडाचा धूर आठवायचा, कारण ती दारू आतून जाळलेल्या नव्या पिंपात मुरवतात म्हणे. त्यांचा वरिष्ठ नीरज भसीन, कोवळं पोरगं, टाय लावलेलं, "काकवी क्या होता है, सर?" असं विचारून सगळं इंग्रजीत उतरवून घ्यायचा.

मग कंपनीनं रोजची बोर्बन आणायचं ठरवलं. उंची नको, परवडणारी. नव्या टॉवरांत राहायला आलेला नोकरदार संध्याकाळी घरी येऊन बाल्कनीत बसून घेईल अशी. नमुने आले, एकेक गळत गेला आणि एक उरला. शामरावांनी तो हुंगला, चाखला, थुंकला आणि म्हणाले, "अच्छी है."

नीरजचं समाधान होईना. "सर, ये रोज की चीज है. पहला घूंट तो सबको अच्छा लगता है. दूसरा गिलास कैसा लगेगा, वो बताइए. रोज पीनेवाला थूकता नहीं है."

पोराचं म्हणणं चुकीचं असतं तर किती बरं झालं असतं! पण ते बरोबर होतं आणि शामरावांना ते कळलं. न पिता 'रोज चालेल' म्हणणं म्हणजे न चाखता हळद पास करणं. जन्मभर जे केलं नाही ते आता कसं करायचं? आणि प्यायची तर बायकोला दिलेल्या शब्दाचं काय, रविवारच्या वंदनेचं काय? त्यांनी पेला उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी हट्टच जिंकला. ते एक पेला पूर्ण प्यायले. मग दुसरा. मत उद्या सांगतो म्हणाले आणि बस पकडली.

त्या संध्याकाळी मी कौसल्याताईंकडे मेथी निवडत बसले होते. बेल वाजली. त्यांनी दार उघडलं आणि त्या तिथंच थबकल्या. शामराव समोर नीट उभे होते, झोकांडी नाही की काही नाही, फक्त तोंडाला वास. तरी कौसल्याताई एक पाऊल मागे सरल्या आणि त्यांच्या तोंडून निघालं, "आबा?"

आबा म्हणजे त्यांचे वडील. जाऊन जमाना झाला होता.

मी मेथी तशीच टाकून उठले. "येते हं," म्हटलं, तर कौसल्याताईंनी माझं मनगट असं धरलं की मला हलताच येईना. शामरावांनी दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बोर्बन म्हणजे काय, पिकदाणी, कोपऱ्यावरचं दुकान, नीरज, आजचे दोन पेले. काहीच राखून ठेवलं नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. खरं सांगते, कीवच आली.

"पोरांना वाटली हो मी ती बिस्किटं," कौसल्याताई म्हणाल्या. "वंदनेनंतर वाटली."

"चुकलो," शामराव म्हणाले. "पण रोजच्या दारूचं मत प्यायल्याशिवाय कसं देणार?"

"रोजच्या दारूचं?" कौसल्याताईंचा आवाज चढला. "ते मला विचारायचं होतं! माझं बालपण त्यातच गेलंय. आबांची मोहाची असायची, परवडणारीच. लोकांना वाटतं, मारत असतील. आबांनी कधी बोट लावलं नाही मला. उलट प्यायले की गोड बोलायचे, गाणी म्हणायचे. विहारात जाऊन मनापासून शील घ्यायचे, आणि संध्याकाळी पुन्हा बसायचे. मी शाळेतलं काही सांगायला गेले की 'वा बेटा' म्हणायचे, आणि सकाळी त्यांना त्यातला एक शब्द आठवायचा नाही. रोज समोर असायचे, आणि मी रोज त्यांची वाट बघायचे."

इतक्या वर्षांत हे त्या शामरावांनाही बोलल्या नव्हत्या. ते धपकन खुर्चीत बसले. जिन्यातून बाराही घरांची भाजी ओळखणाऱ्या या माणसाला आपल्या घरातलं हे दुखणं कधी कळलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

कौसल्याताईंनी माझं मनगट सोडलं आणि त्या त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. "मत उद्या द्यायचंय ना? मग आधी मला द्या. रोज घ्यावीशी वाटेल?"

दुसरा कुठलाही नवरा 'छे, काहीतरीच' म्हणाला असता. मीही मनात म्हणत होते, भाऊजी, नाही म्हणा, संपवा हे एकदाचं. हळदीचा, चहाचा विचार करायचे तसा शामरावांनी त्याचाही विचार केला.

"वाटेल," ते म्हणाले. "मला आत्ताच वाटतेय."

कौसल्याताईंनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

"मग त्या पोराला उद्या तसंच सांगा. खोटं सांगू नका," त्या म्हणाल्या. "आणि तिकडं परत जाऊ नका."