चित्रातली आसरा

आत्या नदीला शिव्या द्यायची. आमच्या निघोजे गावच्या बायका इंद्रायणीला हात जोडून पाण्यात उतरत. आत्या काठावरूनच ओरडायची, "खा गं, खा! भरलं न्हाई का प्वाट?" आणि घागर घेऊन विहिरीकडे वळायची. तिची एकुलती लेक डोहात गेली होती. गाव म्हणायचं, आसरांनी नेली. पाण्यातल्या त्या देवींची ओटी भर, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. आत्याचं एकच उत्तर, "लेकरू बी मीच द्यायचं आन् वर खण बी?"

लेक गेल्यावर नवऱ्याने दुसरी केली, तशी ती आमच्या घरी आली. आईविना पोरक्या मला तिनेच वाढवलं.

इंग्रज गेल्यावर देहूरोडच्या छावणीत साहेबांच्या सामानाचे लिलाव व्हायचे. त्या मोडतोडीवर मी चिंचवडला दुकान उभं केलं. घासाघिशीत मला कुणी हरवलं नाही. एकदा चौकटीच्या लोभाने एक चित्र घेतलं. पाण्यावर उभी एक बाई वाडग्यातून हिरवंगार पाणी खाली ओततेय, नजर जळजळीत. साहेबाचा खानसामा म्हणाला, "परदेशची चेटकीण आहे, शेठ. हिच्या आवडत्या पुरुषाचं मन दुसऱ्या पोरीवर बसलं. ती पोर जिथे आंघोळीला येते, तिथे ही विष कालवतेय."

चित्र घरी आणून टेकवतोय तोच आत्या म्हणाली, "हीच ती. आसरा."

मी खानसाम्याची गोष्ट सांगितली. ती त्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"त्या पोरीनं हिचं काय केलं व्हतं?"

"काही नाही."

"त्येच म्हनते मी."

चित्र तिने विकू दिलं नाही. चुलीसमोर टांगलं, आणि नदीच्या वाट्याच्या शिव्या चित्राला मिळू लागल्या. भाकरी थापता थापता ती विचारायची, "बोल की गं, आज कुनाची पाळी?"

माझं लग्न तळवड्याला ठरलं. सासऱ्यांची एकच अट. या घरच्या लेकीचं पोर पाण्याने नेलंय. थोरल्या बाईने आसरांची ओटी भरल्याशिवाय मुलगी देणार नाही. मी त्यांना चित्रासमोर बसवलं. म्हटलं, "ओटी इथेच भरू. आसरा ती आसरा."

"जावईबापू, मडमेला खण चालत न्हाई!" ते खवळले. माझाही आवाज चढला. लग्न मोडल्यातच जमा होतं.

आत्या उठली. पेटीतून हिरवा खण काढला, नारळ घेतला आणि चालू लागली. मी आडवा गेलो.

"सर बाजूला. तुजं घर मला मोडायचं न्हाई."

डोहाशी ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि ओटी सोडली. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

घरी येऊन तिने चित्राचं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर आमच्या घरात शिवी ऐकू आली नाही. लग्न पार पडलं, आणि पुढे तिचं जेवणही तुटलं. मी भाकरी कुस्करून घास पुढे केला की ती मान वळवायची. माझी बायको माहेरपणाहून परत यायच्या आत ती गेली.

सासरे अजून चारचौघांत सांगतात, ओटी भरली आणि आसरा शांत झाली. मी भरल्या ताटावरून उठतो. शांत झाली ती माझी आत्या.