अक्काच्या पसंतीचं भूत

फोन दाजींचा होता. "शांता गेली," एवढंच ते बोलले, पण फोन काही ठेवला नाही. शेवटी काही बोलली का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तू ये. मग सांगतो." शांताअक्का माझी थोरली बहीण. तिला जाऊन आता दीड महिना होईल. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे, आणि तिच्या तेराव्याला सगळे तसंच बोलले. किती सोशिक, किती गरीब, अगदी गाय होती बिचारी... ऐकून मला राग आला. गाय होती तर तिला शिंगंही होती, आणि ती कुठं खुपसायची हे तिला नेमकं कळत होतं.

बाहत्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या साली अक्का सांगलीला माझ्याकडे राहायला आली ती औषधपाण्यासाठी. आटपाडीकडच्या एका माळरानावरच्या गावात तिला दिलेलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. दिवाळीपर्यंत काही घडलं तर ठीक, नाहीतर दुसरी सून आणू, असं सासूनं बजावून पाठवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, हिच्यात काही खोट नाही, नवऱ्याला घेऊन या. निरोप गेला, दाजी आले नाहीत. आईनं नको म्हटल्यावर हो म्हणायची त्यांची छाती नव्हती. तरी अक्का दर आठवड्याला ताकदीची सुई टोचून घेत राहिली, कारण रिकाम्या हातानं परत जायला ठिकाणच नव्हतं. दवाखान्याजवळच्या थेटरात त्या पावसाळ्यात मॅटिनीला दर आठवड्याला एक भुताचा सिनेमा लागायचा. सुई झाली की आम्ही दोघी तिथं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून बघायची, अक्का शेंगा सोलत बघायची.

पहिल्याच सिनेमात पांढऱ्या लुगड्यातली एक बाई गात हिंडत होती. माझ्या अंगावर काटा आला. अक्का म्हणाली, "मेल्यावर गळा काढून हिंडायला बरा येळ मिळतो हिला. आमाला जित्तेपनी चुलीम्होरनं उठता येत न्हाई." दुसऱ्यात तुटका हात भिंतीवरून सरपटत यायचा. तो रबरी हात कोपऱ्यात मुडपला तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं हसली, की पुढची माणसं मागं वळून बघायला लागली. पण तिची खरी निराशा केली ती एका हवेलीच्या सिनेमानं. त्यातलं भूत झकास होतं, नुसतं जिन्यावर उभं राहायचं. शेवटच्या रिळात दिवाणजीनं कबूल केलं, की भूतबीत काही नाही, मीच होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का घरी येईस्तोवर धुमसत होती. "सांगायचं कशाला पर? येवढं बेस जमलं हुतं. भूत व्हायचं तर मरूस्तवर भूतच ऱ्हावं."

आवडला तो एकच, आणि तो मला अगदीच मिळमिळीत वाटला होता. मेलेली आजी जेवणवेळेला आपल्या पाटावर येऊन बसते आणि मीठ मागते. बस्स. किंकाळी नाही, विजा नाहीत, घरचे आपले हातात घास धरून बसलेले. तो सिनेमा अक्कानं परत बघितला. बाहेर पडताना म्हणाली, "ह्ये खरं. भूत घरातलंच पायजे गं, वळखीचं. भायेरच्या भुताला कोन भितंय?" मला वाटलं, ती सिनेमाबद्दलच बोलतेय.

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं, आणि दर माहेरपणाला तिनं ते नव्या चवीनं सांगितलं. दिवाळीला ती रिकाम्या हातानंच सासरी परतली, आणि दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी नव्या मुलीकडची माणसं सुपारी फोडायला आली. चहा अक्कालाच करायला लावला होता. कपबशा ठेवून ती आत गेली नाही, आबांच्या जागेवर जाऊन बसली. आबा म्हणजे तिचे वारलेले सासरे, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. त्यांचं शेवटचं दुखणं अक्कानंच काढलं होतं, त्यामुळं त्यांची खाकरसुद्धा तिला पाठ होती. ती तशीच खाकरली आणि त्यांच्या घोगऱ्या आवाजात सासूला म्हणाली, "ए खुळे, पानी आन. आन माज्या घरात ही मानसं कुनी गोळा केली?" म्हातारी उभ्या जागी कोसळली. आबांनी तिला जन्मभर पलटणीच्या पट्ट्यानं फोडून काढलं होतं. नवरा गेल्यावर कुठं तिला सुखाचा घास मिळाला होता. अक्काला हे ठाऊक होतं, म्हणून तर तिनं तेच भूत निवडलं. पाहुणे चहा न पिता उठले. आणि सुनेच्या अंगात साक्षात घरधनी येतो म्हटल्यावर तिला घराबाहेर काढायची कुणाची टाप नव्हती.

देवऋषी आला, त्यानं मिरच्यांची धुरी दिली. अक्कानं ती सोसली आणि खाकरून त्याच्याकडेच तपकीर मागितली. मग दर अवसेला आबा येऊ लागले. एरवी सगळ्यांच्या मागनं खरकटं पुसून खाणाऱ्या सुनेला त्या दिवशी पहिलं ताट. गरम भाकरी, मटणाच्या निवडक फोडी, आणि शेजारी सासू थरथरत पदरानं वारा घालतेय. म्हातारी वाळत गेली. पुढं पुढं तर ती गोठ्यात निजायची, घरात नवरा आहे म्हणून. मी एकदा म्हटलं, "अक्का, दुसरी बायको टळली ना? आता पुरे की." "तिला माजी दया आली हुती?" एवढं म्हणून ती मला रश्श्याला वाटण कसं लावतात ते सांगत बसली. म्हातारी गोठ्यातच मेली. मला वाईट वाटलं, अक्काला अजिबात नाही. स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली तिच्या जन्मातली ही एकच गोष्ट होती. "समद्या गावाला फशिवलं गं, आन नवऱ्यालाबी. शेजारी निजतो, पर त्येला काय ठावं न्हाई." हे सांगताना तिचा चेहरा लेकुरवाळ्या बायकांचा पोरांबद्दल बोलताना होतो तसा व्हायचा.

तेराव्याची माणसं पांगल्यावर दाजी माझ्याजवळ येऊन बसले. "मला पैल्याच दिशी कळलं हुतं," म्हणाले. "आमचा चुलता त्या दुपारी दारात आला, आन आबानं डोईवर पदर घेतला. समदी आईकडं बघत हुती, म्या एकल्यानंच बघितलं. माजा बाप धाकल्या भावाम्होरं पदर घ्यायचा व्हय?"

मला हसू आलं. चुलतसासरा दिसला की हात वर जायचा, ती सवय भुतालाही आवरली नव्हती. मी विचारलं, "मग आईला का नाही सांगितलंत? गोठ्यात मेल्या त्या."

दाजी जमिनीवर बोटानं रेघा ओढत बसले. "सांगितलं असतं तर दुसरी करावी लागली असती. मला शांताच पायजे हुती. आईम्होरं उभं ऱ्हायाचं मला जमत न्हवतं, ती उभी ऱ्हायली. म्या गप बसलो."

"आणि अक्काला?"

"तिला सांगितलं की. जायच्या दोन दिस आदी." "म्हनलं, जाताना तिला बरं वाटंल. म्हनलं, शांते, मला पैल्यापासनं समदं ठावं हुतं, तुज्यासाठनं बोललो न्हाई... तिनं लय येळ माज्याकडं बघितलं. मग तोंड भिताडाकडं केलं. त्ये पुन्यांदा वळलीच न्हाई."

इतक्या वर्षांत दाजींनी तिला आपणहून दिलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असावी. मी त्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर तिची एकुलती एक कमाई आपणच हिरावून घेतली हे त्यांना कळलं असतं, आणि अक्कासारखी क्रूर व्हायला मला जमत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आले. तिची खाट हलवलेली नाही, तशीच भिंतीला लागून आहे, आणि दाजी आता त्याच खाटेवर निजतात. मी दुपारचा चहा घेऊन गेले, तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, जागे. मी विचारलं, असं काय पडलाय?

"शांता काय बघत हुती, त्ये बघतोय," ते म्हणाले. "काय बी न्हाई गं हितं."