माझ्या मुलीची आणि शेजारणीची खेळाडू

२००३ साली आम्ही जर्सी सिटीतला भाड्याचा फ्लॅट सोडून वेस्ट विंडसरला घर घेतलं. त्याच हिवाळ्यात शेजारच्या बाईंनी माझ्या मुलीला पहिल्यांदा बास्केटबॉलच्या मॅचला नेलं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. बाई शाळेतून रिटायर झालेल्या होत्या आणि त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. जवळच्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या टीमची दोन सीझन तिकिटं त्या दोघांनी कित्येक वर्षं ठेवली होती. आता एक खुर्ची रिकामी राहायची.

"हिला नेऊ का? दुपारीच परत आणीन," त्यांनी दारात उभं राहून विचारलं.

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे आणि शनिवार-रविवारची ड्यूटी बहुतेक माझ्याच वाट्याला यायची. नवरा घरी असला तरी लॅपटॉपवर, कानाला फोन. मला बरंच वाटलं. मी मुलीला टोपी घातली, डब्यात पराठा दिला आणि पाठवलं.

ती परत आली ती वेगळीच भाषा बोलत. कुणी किती रिबाउंड घेतले, कोच का ओरडला, पंचांनी कसा चुकीचा फाउल दिला. पराठा तसाच परत आला होता. मी डबा घासत ऐकत होते. त्यातलं प्रत्येक वाक्य मला कळत होतं, याची तिला कल्पना नव्हती.

मी नागपूरला कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळायचे. सकाळी सायकल मारत ग्राउंडवर जायचं, सिमेंटच्या कोर्टवर गुडघे सोलून घ्यायचे आणि ओल्या केसांनी लेक्चरला बसायचं, अशी तीन-चार वर्षं गेली. विद्यापीठाच्या टीममध्येही निवड झाली होती, पण तिथे जास्त वेळ बाकावरच होते. पुढे नोकरी, लग्न, व्हिसा, अमेरिका. खेळणं कधी सुटलं हे नीट आठवतही नाही.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "मीपण खेळायचे बरं का, कॉलेजात."

"रिअली? इंडियात?" ती म्हणाली. "दॅट्स सो क्यूट, आई." आणि टीव्हीवर पुढची मॅच कधी आहे ते शोधायला लागली.

मी पुन्हा तो विषय काढला नाही. तिने विचारावं, मग सांगू, असं ठरवून बसले. तिने विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यांमध्ये ते दोघींचं ठरूनच गेलं. मॅच असली की मुलगी सकाळपासून खिडकीत. आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी बायकांना ती काकू नाहीतर मावशी म्हणायची, पण या बाईंना सरळ पहिल्या नावाने हाक मारायची. बाईंनीच तसं सांगितलं होतं. माझ्या कानाला ते खटकायचं. खटकण्याचं कारण संस्कार आहेत असं मी नवऱ्याला सांगत असे. खरं कारण असं होतं की त्या नावाने हाक मारताना तिच्या आवाजात जी लगबग असायची ती मला "आई" म्हणताना नसायची.

एकदा मी तिच्या नेहमीसारख्या दोन वेण्या घालून तिला पाठवलं, तर ती डोक्याला चिकटलेल्या, बारीक विणलेल्या वेण्या घालून परत आली. त्यांच्या लाडक्या खेळाडूच्या असायच्या तशा. बाईंनी मॅचच्या आधी गाडीत बसून घातल्या होत्या. रविवारी मी तेलाची वाटी घेऊन बसले, तर तिने डोक्यावर हात ठेवला. "नो, आई. इट विल गेट रुइन्ड." मी वाटी परत कपाटात ठेवली. तिचे केस ती दीड वर्षाची असल्यापासून मी विंचरत होते.

ती लाडकी खेळाडू म्हणजे त्या टीमची पॉइंट गार्ड. बुटकी, चपळ, चेंडू घेऊन पुढे येणारी आणि सगळा खेळ रचणारी. माझ्या मुलीच्या खोलीत तिचं पोस्टर होतं. ती पास होऊन गेली त्या वर्षी मुलगी आणि बाई दोघी डोळे लाल करून घरी आल्या. मी चहा केला. दोघी माझ्याच टेबलाशी बसून एकमेकींना तिच्या गोष्टी सांगत होत्या आणि मी बिस्किटं पुढे करत होते.

मग मी ड्राइव्हवेवर बास्केट बसवून घेतली. मुलीसाठी म्हणून. ज्या दिवशी ती बसवली त्या दिवशी मुलगी शाळेत होती. मी आजूबाजूला बघितलं, चेंडू घेतला, दोन पावलं टाकून उडी मारली आणि बोर्डावर टेकवून आत टाकला. चपलेत होते, तरी गेला. हाताला अजून आठवत होतं.

"तुम्ही खेळलेल्या आहात," कुंपणापलीकडून आवाज आला. बाई हातात पानं गोळा करायचा रेक घेऊन उभ्या होत्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. ग्राउंड, सायकल, बाकावर बसणं, लग्न. मुलीला कधी सांगितलं नव्हतं इतकं. त्या रेकवर टेकून ऐकत राहिल्या. चांगल्या ऐकणाऱ्या होत्या त्या, आणि त्याचाही मला रागच आला.

२००७च्या वसंतात त्या टीमच्या चाहत्यांच्या मंडळाने ठरवलं की गेल्या दहा वर्षांतली सर्वोत्तम खेळाडू निवडायची. मंडळ म्हणजे बहुतेक पिकल्या केसांची मंडळी, वर्षानुवर्षं त्याच खुर्च्यांवर बसणारी. दुपारी हॉलमध्ये जेवण, ज्याला आपल्या खेळाडूबद्दल बोलायचं असेल त्याने बोलायचं, मग मतदान. बाईंनी जाहीर केलं की पॉइंट गार्डसाठी माझी मुलगी बोलणार. ती आता तेरा वर्षांची होती.

भाषणाची तयारी शेजारच्या स्वयंपाकघरात चालली. मी म्हटलं, "माझ्यासमोर एकदा म्हणून दाखव ना."

"लेटर, आई."

ते लेटर आलंच नाही. मी ड्यूटी बदलून घेतली आणि पाहुणी म्हणून जेवणाला गेले. नवरा नेमका टूरवर होता. मुलगी बाईंच्या गाडीतून गेली, मी माझी गाडी ड्राइव्ह करत मागून.

हॉलमध्ये तिला सगळे ओळखत होते. म्हातारे पुरुष तिच्याशी हात उंचावून टाळी देत होते. एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही कुणाबरोबर आलात?" मी मुलीकडे बोट दाखवलं. "अरे वा, आमच्या छोटीची आई," त्या म्हणाल्या. आमच्या.

बहुतेक जण उंच सेंटरच्या बाजूने बोलले. ती पॉइंट गार्डच्या एक-दोन वर्षं पुढची, बास्केटखाली भिंतीसारखी उभी राहणारी मुलगी होती. मग माझी मुलगी उठली. आवाज सुरुवातीला कापला, मग स्थिरावला. ती इंग्रजीत छान बोलली. आणि मध्येच म्हणाली, "आमच्या घरात कधी कुणी काही खेळलं नाही. माझे आईवडील अभ्यास करून या देशात आले. गेम बघायचा कसा, हे मला हिने शिकवलं." आणि तिने बाईंकडे हात केला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मी लगेच ताटाकडे बघायला लागले.

मतदानात उंच सेंटर जिंकली. ती परदेशात कुठल्या तरी क्लबकडून खेळत होती, म्हणून बक्षीस घ्यायला तिची आई आली होती. कार्यक्रम संपल्यावर ती केकच्या टेबलाशी माझ्या शेजारी उभी होती. रुंद खांद्यांची, बस चालवणारी बाई. मी अभिनंदन केलं.

"या लोकांनी तिला माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय," ती म्हणाली. "मी वीकेंडला बस चालवायचे. मॅचला फार थोड्या वेळा आले. आता हे सगळे येऊन मला माझ्याच मुलीच्या गोष्टी सांगतात."

"राग येतो?" मी विचारलं. इतकं सरळ मी अनोळखी माणसाशी कधी बोलत नाही.

"प्रत्येक वेळी," ती म्हणाली. "मी हसते आणि थँक यू म्हणते. तुम्हाला केक कुठला देऊ?"

आम्ही दोघींनी भिंतीपाशी उभं राहून केक खाल्ला. त्या हॉलमध्ये तेवढा वेळ मला बरा गेला.

परत जातानाही मुलगी बाईंच्याच गाडीत बसली. मी घरी पोचून कुकर लावला. थोड्या वेळाने ती आत आली आणि जॅकेटही न काढता ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, तू कुठली पोझिशन खेळायचीस?"

मी गॅस बारीक केला. "कुणी सांगितलं?"

"गाडीत. ती म्हणाली, माझं भाषण रॉंग होतं. म्हणाली, युवर मॉम प्लेड, आणि तू तिला विचारलं नाहीस." तिने जॅकेटची चेन खाली ओढली. "सॉरी. तू सांगितलं होतंस ना एकदा?"

"हो."

इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो आला, आणि तोही शेजारच्या गाडीतून. माझी स्वतःची गोष्ट माझ्या मुलीला त्या बाईंनी आणून दिली होती. उपकारच होते ते. आभार मानायला हवे होते आणि मी फडकं घेऊन ओटा पुसत होते.

"गार्ड होते," मी म्हटलं. "पण जास्त बाकावर."

"गार्ड? सेम ॲज हर?" तिचा चेहरा उजळला. "मग तूही तिलाच व्होट केलं असतंस."

"नाही," मी म्हटलं. "सेंटरला."

"आई!"

"अगं, तुझी ती शेवटच्या पाच मिनिटांत दमायची. पास सैल जायचे. टीव्हीवर बघितलंय मी."

"तू बघायचीस?"

"तू नसलीस की."

मग ती भांडायला लागली. बास्केटखाली उभं राहणं सोपं असतं, तिथे उंची कामी येते, डोकं नाही, वगैरे. मी म्हटलं, सोपं असतं तर सगळ्याच उंच मुलींनी केलं असतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. ती माझ्याशी पहिल्यांदा तसा वाद घालत होती, जसा शेजारच्या स्वयंपाकघरात घालायची. भात मऊ झाला तो दोघींनी तसाच खाल्ला आणि वाद संपला नाही.

पुढच्या सीझनला मी रविवारची ड्यूटी सोडली आणि तिकीट घेतलं. बाईंनी खूप खटपट केली, पण त्यांच्या रांगेत जागा नव्हती. मला मागची मिळाली. समोर दोन डोकी, एक पांढरं आणि एक काळं, पंचांनी शिट्टी मारली की एकमेकांकडे झुकायची. कधी कधी मुलगी मागे वळून विचारायची, "आई, तो फाउल होता का?" बहुतेक वेळा शेजारी बसलेल्या बाईंनाच विचारायची.