नळीतला उजेड

अमडापूरच्या धम्मशीलानं पुण्याच्या प्रयोगशाळेत पाच वर्षं एकाच कामात घातली. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या पोकळ नळ्या घ्यायच्या, त्यांत कोरोनीन नावाच्या पदार्थाचे रेणू भरायचे आणि तापवायचे. मग रेणू एकमेकांशी जुळतात आणि नळीच्या आत ग्राफीनची, म्हणजे एका अणूइतक्या पातळ कार्बनची, अरुंद फीत वाढते. तिच्यावर लेसर टाकला की लालसर उजेड दिसतो.

पण तो उजेड फितीचा, की नळीबाहेर चिकटलेल्या गाळाचा? धम्मशीलानं सात महिने तेच नमुने धुतले, पुन्हा पुन्हा मोजले. बराचसा उजेड गाळाचाच निघाला. उरला तो थोडका, पण अस्सल फितीचा.

हे तिनं सगळ्यांत आधी मधुवंतीला सांगितलं. दोघी मैत्रिणी, एकाच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या, एकाच खोलीत राहणाऱ्या. उन्हाळ्यात मधुवंती अमडापूरलाही आठ दिवस राहून गेली होती. "मले आता दोन पोरी हायेत," धम्मशीलाची आई, बनाबाई, गावभर सांगत फिरली होती. पुढं मधुवंतीनं मोजमापं मागितली, तेव्हा धम्मशीलानं सगळी वहीच तिच्या हाती दिली.

मार्चमध्ये चिखलीच्या एका कॉलेजात धम्मशीलाचं भाषण होतं. शेवटी करिष्मा नावाची विद्यार्थिनी मोबाइल हातात घेऊन उठली.

"मॅडम, तुमी सांगून राह्यल्या तेच या शोधनिबंधात हाये. पण तुमचं नाव काऊन नाही?"

धम्मशीलानं मोबाइल घेतला. पहिलं नाव मधुवंतीचं, दुसरं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचं. आकडे मात्र धम्मशीलाचे, आलेखही तिचेच. तिचं नाव फक्त तळाशी, आभारात: 'नमुने धुण्यात मदत.' "चुकून राहिलं असेल," एवढंच ती कशीबशी बोलली.

बाहेर येऊन तिनं फोन लावला.

"अगं, सरांनीच ठरवलं," मधुवंती म्हणाली. "आणि धुण्याचंच काम होतं ना तुझं?"

सरांना फोन केला, तर त्यांनी सांगितलं, यादी मधुवंतीनं दिली होती.

धम्मशीलानं तारखांसकट वहीची पानं तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकाकडे पाठवली. चार महिने चौकशी चालली. दुरुस्ती छापून आली. तिचं नाव पहिलं लागलं. अभिनंदनाचे निरोप आले, त्यांत मधुवंतीचाही होता. धम्मशीलानं तो न उघडताच पुसला.

"मंग आता तं खुश अशीन?" बनाबाईनं विचारलं.

"नाव भेटलं, माय," ती म्हणाली. "पण तुयी दुसरी पोरगी गेली."