ज्यांच्या घरी राहणार होतो

कॉल दुपारचा होता. तिकडे जर्मनीत तेव्हा सकाळ. आमचे हे त्या दिवशी मार्केट यार्डातून लवकर घरी आले, अंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला बसावं तसे सोफ्यावर ताठ बसले. मोबाईल मी टीपॉयवर स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला होता. स्क्रीनवर आम्ही दोघं दिसत होतो आणि आमच्या मागची भिंत. भिंतीवर आमच्या मुलाचा हार घातलेला फोटो. त्यांनी तो स्क्रीनवर पाहिला, उठले, फोटो काढून आतल्या खोलीत पलंगावर ठेवून आले. भिंतीवर उजळ चौकोन राहिला आणि एक खिळा.

आम्ही जर्मनीतल्या एका शहरात एका म्हाताऱ्या जोडप्याचं कुत्रं सांभाळायला जाणार होतो. ते दोघं नोव्हेंबरात तीन आठवडे त्यांच्या मुलीकडे जाणार, आम्ही त्यांच्या घरात राहायचं, कुत्र्याला जेवू घालायचं, फिरवायचं. माझ्या जावेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कुत्रं राखायला विमानानं? सोलापुरात काय कुत्री कमी हायत?" मग तिला शहराचं नाव कळलं आणि ती गप्प झाली.

आमचा मुलगा त्या शहरात शिकायला गेला होता. शिक्षण संपलं, नोकरी लागली, आणि एका सकाळी तो उठलाच नाही. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या त्याच्या नागपूरच्या मित्राने दार उघडवलं. झोपेत हृदय बंद पडलं म्हणाले. त्याला कधी साधा ताप यायचा तरी मला फोन करायचा, "अव्वा, काय घेऊ?" या वेळी विचारायलाही वेळ मिळाला नाही.

त्याला घरी आणायला बरेच दिवस लागले. हे आणि माझा दीर हैदराबादला विमानतळावर गेले आणि तिथून गाडीने पेटी घेऊन आले. पेटी उघडायची नाही असं तिकडून बजावून सांगितलं होतं. मी दारात उभी होते. गाडीतून लाकडी पेटी उतरली, तिच्यावर इंग्रजीत त्याचं नाव. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण ते नाव मला एका झटक्यात वाचता आलं नाही.

आम्हा लिंगायतांत माणसाला मातीत बसवतात. मांडी घालून, डाव्या हातात लिंग देऊन, ध्यानाला बसल्यासारखं. पेटीतल्या माणसाला बसवता येत नाही. जुनी माणसं अंगणात उभी राहून वाद घालत होती, पेटी फोडा, फोडू नका. शेवटी मठातले स्वामी म्हणाले, आहे तसं ठेवा. त्याला आडवंच ठेवलं. घरातल्या प्रत्येकाला आम्ही बसवलं होतं, माझ्या सासूला, सासऱ्यांना. हा एकटाच आडवा आहे. भांडी घासताना, भाजी निवडताना मला ते आठवतं आणि हात थांबतात.

त्याचा चेहरा मी पाहिला नाही. म्हणून असेल, माझ्या डोक्यातून ते शहर जाईना. त्याची खोली, दुकान, ट्रामचा थांबा, हे सगळं मी मोबाईलच्या स्क्रीनएवढंच पाहिलं होतं. मला वाटायचं, तिथे जाऊन उभं राहावं. तिथे तो शेवटचा चालला, तिथे काहीतरी असेल. काय असेल ते मला सांगता आलं नसतं.

हॉटेलात इतके दिवस राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं. मुलाचा मित्र त्यानंतर दुसरीकडे होस्टेलवर राहायला गेला होता, तिथे पाहुण्यांना परवानगी नव्हती. त्यानेच ही वाट काढली. "काकू, तुमच्याकडे कुत्रं होतं ना?" होतं. मुलगा सातवीत असताना त्याने गल्लीतून उचलून आणलेलं, आमच्याकडे म्हातारं होऊन मेलं. मित्राने आमची माहिती एका वेबसाइटवर टाकली, आमचा आणि त्या कुत्र्याचा जुना फोटो लावला. मुलाबद्दल काही लिहिलं नाही. यांनीच तसं सांगितलं होतं.

आणि आता त्या घरची माणसं स्क्रीनवर आली. बाई सत्तरीची, आखूड पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा. तिचा नवरा शेजारी, हसरा, पण इंग्रजी बेताचं, त्यामुळे तो आणि आमचे हे एकमेकांकडे बघून नुसती मान हलवत होते. कुत्रं बाईच्या मांडीवर. बुटकं, तपकिरी, तोंडावर पांढरं झालेलं. बहिरं होतं. "याला हाक मारून उपयोग नाही," ती म्हणाली. "जमिनीवर पाय आपटायचा, मग त्याला कळतं." तिने आपटून दाखवला. कुत्र्याने मान वर केली.

मला ती आवडली. तिने घर फिरवून दाखवलं, कुत्र्याची गोळी कशात लपवून द्यायची ते सांगितलं, स्वयंपाकघरात आम्ही काहीही शिजवलं तरी चालेल म्हणाली. मग विचारलं, "पण नोव्हेंबरात आमच्या शहरात? तेव्हा कोणीच येत नाही. नुसता पाऊस आणि धुकं."

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "साइट सीइंग."

ती हसली. "धुकं बघायला?"

हेही हसले. मी त्यांना हसताना किती महिन्यांनी पाहत होते.

मग तिने सहज, अगदी आपल्याकडच्या बायका विचारतात तसं विचारलं, "तुम्हाला मुलं?"

हे म्हणाले, "नो."

मी स्क्रीनवरच्या माझ्याच चेहऱ्याकडे बघत राहिले. तो चेहरा हसत होता. बाई पुढे काही बोलली, बागेतल्या झाडांबद्दल असावं. शेवटी दोघांनी हात हलवले आणि कॉल संपला. संध्याकाळी तिचा मेसेज आला, आम्ही त्यांना पसंत होतो.

जेवताना मी विचारलं, "नाही का म्हणालात?"

आम्ही घरात कन्नड बोलतो, त्यांचं बोलणं इथे मराठीत लिहितेय. ते भाकरी मोडत होते. म्हणाले, "मग काय सांगू? हाय म्हणू, का होता म्हणू? हाय म्हणलं तर ती विचारणार, काय करतो. होता म्हणलं तर..." त्यांनी तुकडा ताटात ठेवला. "मला इंग्रजीत तेवढंच येतं. नो."

त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. पण त्या बाईच्या पलंगावर झोपायचं, तिच्या कपात चहा प्यायचा आणि तिला हे माहीत नसायचं, हे मला जमणार नव्हतं. खरं म्हणजे कपाचा प्रश्न नव्हता. कुणीतरी, जगाच्या दुसऱ्या टोकाला का असेना, मला मूल नाही असं समजून बसलं होतं.

काही दिवसांनी, हे यार्डात असताना, मी तिला एकटीने कॉल केला. ती स्वयंपाकघरात होती, कुत्रं पायाशी. तिला वाटलं मला गोळ्यांबद्दल काही विचारायचंय. मी म्हणाले, "मला तुम्हाला एक सांगायचं आहे. आम्हाला एक मुलगा होता. तो तुमच्या शहरात राहायचा. तिथेच गेला."

ती खुर्चीवर बसली. चष्मा काढला. मग तिने विचारलं, "कुठल्या रस्त्यावर?"

मी रस्त्याचं नाव सांगितलं. ते मला पाठ होतं, पार्सलांवर कितीदा लिहिलं होतं.

"मी याला रोज त्याच बाजूला फिरवते," ती म्हणाली. "आत्ताच निघणार होते." थांबली. "तुम्हाला बघायचं आहे का? मी फोन धरून चालेन. नको असेल तर नको म्हणा."

मी हो म्हणाले.

तिने कुत्र्याला पट्टा लावला, कोट घातला. मी सोफ्यावरून उठून जमिनीवर बसले, का कोण जाणे. बाहेर आमच्याकडे ऊन रणरणत होतं, कूलर घरघरत होता, आणि हातातल्या मोबाईलमध्ये ओला रस्ता होता. कुत्रं हळूहळू चालायचं, थांबायचं, हुंगायचं. ती मला मधेमधे सांगायची, ही बेकरी, हा ट्रामचा थांबा. मी प्रत्येक गोष्टीकडे डोळे ताणून बघत होते. या थांब्यावर तो उभा राहिला असेल. या बेकरीतून त्याने पाव घेतला असेल. वळण आलं. ती म्हणाली, "हा तो रस्ता."

इमारत पिवळट रंगाची होती. दाराशी सायकली, कचऱ्याचे मोठे रंगीत डबे, बेलच्या बटणांची रांग आणि प्रत्येक बटणापुढे नाव.

"कितवा मजला?"

"तिसरा. डावीकडची खिडकी."

तिने मोबाईल वर केला. खिडकी सताड उघडी होती. कुणीतरी आपली पांढरी रजई हवा लागायला खिडकीबाहेर टाकली होती. ती लोंबत होती. बाकी काही नव्हतं.

"बेल दाबू? जे कोण असेल ते दाखवतील खोली."

"नको," मी म्हणाले.

कुत्र्याने सायकलच्या स्टँडवर पाय वर केला. ती मोबाईल तसाच वर धरून उभी राहिली, चित्र हलत होतं. मी वाट बघत होते. मला वाटलं, आता रडू येईल, किंवा छाती भरून येईल, किंवा तो इथे होता असं आत कुठेतरी कळेल. काहीच झालं नाही. ती एक इमारत होती. तिथे दुसरं कुणीतरी झोपत होतं आणि सकाळी रजई वाळत घालत होतं.

मागे दार वाजलं. हे जेवायला आले होते. पायात चपला तशाच, माझ्या मागे येऊन उभे राहिले. "कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"ती बाई. हे त्याचं घर."

ते वाकले. माझ्या खांद्यावर हात टेकून त्यांनी पाहिलं. त्यांच्या शर्टाला कांद्याचा वास होता. क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "साकु." पुरे. मग मोठ्याने, "साकु म्हणलं न्हवं!"

मी बाईचे आभार मानून कॉल बंद केला. त्यांनी हात धुतले नाहीत, जेवले नाहीत. पायऱ्यांवर जाऊन उन्हात बसले. मी बाहेर गेले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू कशाला बघितलंस?"

"जाणारच होतो की आपण."

"जाणार होतो. गेलो न्हवतो." ते पायाच्या नखाकडे बघत होते. "इतके दिवस मला वाटायचं, हितं न्हाय, पण तिकडं कायतरी हाय त्याचं. मी यार्डात बसून तेच डोक्यात धरायचो. आता तिकडंबी न्हाय."

माझंही तेच झालं होतं. मी फक्त माझ्यापुरती ती खिडकी उघडली असं समजत होते.

त्यानंतर त्यांनी व्हिसासाठी मुंबईला जायचा विषय काढला नाही आणि मीही नाही. दिवस गेले. पावसाळ्याच्या तोंडी मी बाईला कळवलं, आम्ही येणार नाही, तुम्ही दुसरं कोणी बघा. तिने विचारलं, मी त्या दिवशी तिकडे नेलं म्हणून का? मी नाही म्हणाले. ते अर्धं खरं होतं. तिने लिहिलं, घर कधीही तुमचंच आहे. तिला दुसरे लोक मिळाले, जर्मनीच्याच दक्षिणेकडच्या कुठल्या गावातलं तरुण जोडपं. नोव्हेंबरात तिने मुलीच्या घरून कुत्र्याचा फोटो पाठवला, त्या जोडप्याने काढलेला. पावसाचा कोट घातलेलं कुत्रं. मी बघितला आणि मोबाईल ठेवून दिला. नंतरचे मेसेज मी उघडलेच नाहीत. तिचा काही दोष नव्हता. तिच्यासारखं चांगलं त्या सगळ्या काळात माझ्याशी फार कमी लोक वागले.

हे रोज पहाटे यार्डात जातात. कांद्याच्या गाड्या यायच्या सुमाराला तिथे गलका असतो, सौदे चालतात, आणि ते म्हणतात तेवढा वेळ बरा जातो. घरी आल्यावर टीव्ही लावतात, आवाज बंद ठेवून बघतात. आम्ही भांडत नाही. भांडायला दोघांपैकी एकाला तरी काहीतरी हवं असावं लागतं.

डिसेंबरात मुलाचा मित्र सुट्टीवर आला आणि नागपूरला जाण्याआधी मुद्दाम आमच्याकडे उतरला. मी त्याला जेवायला वाढलं. तो मान खाली घालून जेवत होता.

"काकू, तुम्ही आला असता तर मी सुट्टी काढली असती," तो म्हणाला. "सगळं दाखवलं असतं."

"काय दाखवलं असतंस?" यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

त्याने घास हातात धरला. विचार केला. "माहीत नाही काका," तो म्हणाला. "मी पण आता तिथे नाही राहत. मला तिथे राहवेना. नोकरी बदलली, दुसऱ्या गावी गेलो."

हे नुसते हं म्हणाले. मी त्याच्या ताटात आमटी वाढली. म्हणजे आता त्या शहरात आमचं म्हणावं असं कोणीच उरलं नव्हतं. त्याला बसस्टँडवर सोडायला हे स्कूटरवरून गेले. मी ताटं उचलली, ओटा पुसला आणि दुसऱ्या दिवसाची डाळ भिजत घातली, दोघांपुरती.