मामाचा हात हायब्रीडवर होता

अन्याय झाला तो देविदास मामावर, राहणार आसेगाव, तालुका मंगरूळपीर. आणि तो झाला गेल्या पोळ्याच्या आधीच्या रविवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. ही वेळ मी काढलेली नाही, पत्रातली आहे. पुण्याजवळच्या ज्या गोल्फ मैदानावर मामाने बावीस-तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या खांद्यावर वाहिल्या, तिथल्या समितीने त्याला काढताना दोन ओळींचं पत्र दिलं, त्यात मिनिटासकट लिहिली आहे. कारण एवढंच: 'खेळाडूस चुकीचा सल्ला दिल्याबद्दल.' मिनिट माहीत आहे आणि पिशवीतून खेळायची काठी कोणी उपसली ते माहीत नाही? मला पहिला संशय तिथेच आला. मैदानाचं नावही मी या लेखात लिहिलं होतं. ते छापता येणार नाही असं मला पुरवणीच्या संपादकांनी कळवलं. बरं. ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवायही कळेल.

मामा जाऊन सहा आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी कारंजाला बसस्थानकासमोरच्या छपाईच्या दुकानात पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. माझं कामच ते... कुठे नळ नाही, कुठे रस्ता कागदावरच झाला, त्याची पत्रकं लिहायची आणि बाजाराच्या दिवशी लोकांच्या हातात कोंबायची. मामीचा फोन आला. "गेला वं माय तुहा मामा." मी विचारलं, कशानं? आणि लगेच दुसरं विचारलं, पुण्याहून कोनाचा फोन आलता का? त्या दुसऱ्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते, पण मी तो विचारला. डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाब जुना होता, मेंदूत रक्तस्राव झाला. गोल्फने माणूस मरत नाही, एवढं मलाही समजतं. माझा आरोप त्याहून लहान आहे. त्या मैदानावर पिशव्या वाहणाऱ्यांच्या, म्हणजे कॅडींच्या, शेडमध्ये एक फळा आहे. काढून टाकलेल्या माणसांची नावं कारणासकट त्यावर लिहितात. मामाचं नाव आजही त्यावर आहे. पुढे तेच दोन शब्द: चुकीचा सल्ला. माणूस जळून राख झाला, फळा कोणी पुसला नाही.

मामा तिथे गेला तो मातीकामाला. आसेगावचा मामा आणि शिरपूरचे सत्तारचाचा (हे त्यांचं खरं नाव नाही, का ते पुढे कळेल) एका टोळीबरोबर निघाले. मोठा माळ सपाट करायचा होता. मामाने मुकादमाला विचारलं, एवढं रान तयार करून राह्यले, पेरनार काय? मुकादम म्हणाला, गवत. मामा ही गोष्ट मरेपर्यंत हसून सांगायचा. टोळी परतली, हे दोघे गवत कापायला राहिले आणि मग पिशव्या उचलायला. दरवर्षी दिवाळीला मामा एसटीतून उतरायचा तेव्हा काखेत पोतं असायचं. एका वर्षी त्या पोत्यातून साहेबलोकांनी टाकून दिलेल्या तीन काठ्या निघाल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. सोयाबीन निघून रान मोकळं झालेलं. मामाने तिन्ही काठ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ओळीने मांडल्या आणि मला शिकवायला बसला. मामी भाकरी घेऊन आली होती, तीही टेकली.

"हे फेअरवे वूड," मामा म्हणाला. "नावाचंच लाकूड, आता सारं लोखंड. डोकं मोठं, दांडा लांब. बॉल कापल्या गवतावर उघडा बसला असन तं हे झाडल्यावानी फिरवाचं, लय लांब जाते. पन गवत वाढेल असन तं याचं डोकं अटकते. मोठ्या मानसाचं असंच असते." मग दुसरी, पातळ पात्याची काठी. "हे लाँग आयर्न, लांब लोखंड. बॉल हवेच्या खालून नेते, सरळ नेते. पन हात पक्का लागते. जरा चुकला का माफी नाई. साहेब लोकाईले हेच आवडते, काहून का याच्यानं नीट लागलं का सारे पाह्यतात." तिसरी काठी त्याने जरा जपून उचलली. "अन् हे हायब्रीड."

"हायब्रीड?" मामी म्हणाली. "ज्वारीचं का कपाशीचं?"

"तुह्या भावाचं," मामा म्हणाला, आणि पुढे चालू. "हे दोघाईच्या मधातलं. बूड जड, म्हनून वाढल्या गवतातून फाडून निंगते. बॉल उचलते वर, अन् उतरला का जास्त पयू देत नाई. चुकी झाकते. घाई केली तं मातर डाव्या हाताले पयते." मी विचारलं, मंग सारे हेच काहून नाई वापरत? मामाने काठी परत ओळीत ठेवली. "लाज वाटते त्याईले." कशाची? "सोप्याची."

पिशवीत चौदा काठ्या असतात. लांबच्या टप्प्यावर साहेब घोटाळतो तो या तिघींपाशी. तिथे कोणती घ्यावी, हे ज्याला तो गवताचा तुकडा रोज पायाखाली आहे त्याला साहेबापेक्षा जास्त कळतं. पण शेडच्या भिंतीवर नियम रंगवलेला आहे: विचारल्याशिवाय बोलू नये. मग मामाने आपली रीत काढली होती. साहेब बॉलकडे बघत असतानाच तो योग्य काठी पिशवीतून चार बोटं वर उचलायचा आणि तिच्या टोकावर तळहात ठेवून उभा राहायचा. बोलायचं नाही, बघायचं नाही. साहेबाचा हात मागे यायचा आणि वर आलेली काठी आपोआप हाताला लागायची. फटका साधला की साहेबाची अक्कल. मामाला त्याचंही काही वाटायचं नाही. अभिमान एकाच गोष्टीचा: "इतक्या वर्सांत वाढल्या गवतातून लांब लोखंडावर माहा हात गेला नाई. कोनालेही पूस."

आता तो रविवार. पाऊस झालेला, गवत ओलं आणि वाढलेलं. मामाच्या साहेबाबरोबर दोन पाहुणे. साहेबाचा बॉल गवतात रुतला, समोर तळं, तळ्यापलीकडे ध्वज. एकशे नव्वद यार्ड. मामाने हायब्रीड वर उचललं, तळहात ठेवला. एक पाहुणा हसला, म्हणाला, हे तर म्हाताऱ्यांचं हत्यार. साहेबाने लांब लोखंड उपसलं. बॉल तळ्यात. साहेब हसत म्हणाला, "देविदास, हे काय दिलंस मला?" पाहुणेही हसले. तो विनोद होता. नऊ होल, म्हणजे अर्धा डाव, संपेपर्यंत विनोदच होता. चहा झाला, नाश्ता झाला, चार जणांना सांगून झालं... आणि दुपारी त्याची तक्रार झाली. विनोदाची तक्रार कोणत्या टेबलावर झाली, कोणाला स्वतःचा फटका झाकायचा होता, हे मी शोधते आहे. पाहुण्यांपैकी कोणालाही समितीने विचारलं नाही. मामालाही नाही. पत्र मात्र तयार.

मामा गावी परतला, भांडला नाही. मला याचाच संशय आला. इतकी वर्षं राबलेला माणूस गप्प का? माझी शेवटची भेट त्या संशयातूनच झाली. मी एका दुपारी आसेगावला गेले, पत्रकाचा मसुदा लिहूनच. मामा ओसरीत बसून त्या तीन काठ्या ओल्या फडक्याने पुसत होता. मी वाचून दाखवलं. 'मग्रूर', 'धनदांडगे', 'श्रमाचा अपमान', सगळं होतं त्यात. मामाने शेवटपर्यंत ऐकलं.

"हे तू माह्यासाठी लिहून राह्यली का तुह्या पत्रकासाठी?"

मला राग आला. मी म्हटलं, तू काहून बोलला नाईस मंग? भेला का? तो फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, "हात काढला म्या."

मला कळेना.

"तो पाहुना हासला ना, तवा साहेबानं माह्याकडं पाह्यलं. विचारल्यासारखं. तोंडानं नाई, डोयानं. तेवढ्यात बोलाचं होतं. हायब्रीड घ्या साहेब... चार शब्दही नाई. अन् म्या हात काढला. भेलो नाई माय. राग आला मले. इतक्या वर्सांत एका हासन्यावर हे मानूस माहा हात सोडून राह्यलं. म्हटलं, जाऊ दे पान्यात."

मी मसुदा पिशवीत घातला. पत्रकात असा माणूस बसत नाही. पत्रकात एकतर जुलूम असतो नाहीतर जुलूम सोसणारा. मी विचारलं, मंग आता काय पाह्यजे तुले? काम परत? "नाई. खांदा गेला आता." माफी? "त्याचं काय लोनचं घालू?" त्याने काठी उलटी करून पुसली. "फळ्यावरचं तेवढं पुसाले पाह्यजे. चुकीचा सल्ला म्या कधी देला नाई. 'बोलला नाई' असं लिहा म्हना. ते खरं हाय."

परतीच्या बसमध्ये मी मामावरही संशय घेतला, हे लिहून टाकते. म्हणजे थोडी चूक याचीच, असं वाटलं. मंगरूळपीर येईपर्यंत तसंच वाटत होतं. मग तो भिंतीवरचा नियम आठवला. विचारल्याशिवाय बोलू नये. जो बोलला तर नियम मोडतो, त्याच्यावर सल्ल्याचा गुन्हा कसा लावता? जीभ तुमच्या ताब्यात आणि दोष त्याच्या नावावर? मामा स्वतःला माफ करत नव्हता ती गोष्ट वेगळी, ती त्याची. समितीने ज्याबद्दल त्याला काढलं ते त्याने केलंच नाही. मी ठरवलं की पुढच्या खेपेला नवीन मसुदा घेऊन जाईन, मामाच्या शब्दांत. पुढची खेप तेरवीची झाली.

तेरवीला सत्तारचाचा आले, शिरपूरहून, हातात पोतं. मी त्यांना दारातच अडवलं. कोणी पाठवलं तुम्हाला? "माह्या पायानं आलो बेटा. देविदासच्या घरी याले मले कोनाची चिठ्ठी लागते काय?" मामीने मला बाजूला सारलं, पाणी दिलं. चाचांनी पोत्यातून काठी काढली. लांब लोखंड. त्या रविवारचं, तेच. साहेबाने नंतर ते चाचांना देऊन टाकलं, ने घरी म्हणाला. "आता त्या तळ्यापाशी साहेब काय काढते, मालूम आहे? हायब्रीड. दर टायमाले. हे बॅगेतच नाई ठेवत." मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही होता? "पाहुन्याची बॅग माह्याच खांद्यावर होती." मामाचा हात कशावर होता? चाचांनी काठी उभी धरली आणि तिच्या टोकावर तळहात ठेवून दाखवला. "हायब्रीडवर. खुदा कसम."

मग लिहून द्या, मी म्हटलं. त्यांनी हात काढून घेतला. "मले आजून दोन-तीन वर्सं पिशवी उचलाची आहे, बेटा." मी भडकले. मामीसमोर, आलेल्या चार पाहुण्यांसमोर बोलू नये ते बोलले. मित्र म्हणवता, वगैरे. चाचा उठले. चपला घालताना एवढंच म्हणाले, "तोही असाच गप रायला. आमाले सवय झाली." त्यांची मी इथे माफी मागते. त्यांचं नाव म्हणून बदललं आहे.

साहेब आज हायब्रीड काढतो याने त्या दिवशी लोखंड कोणी उपसलं हे सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. कोणी वकील हे वाचत असेल तर तो हसेल. हसू दे.

गेल्या आठवड्यात मी आसेगावला जाऊन आले. आता दारामागे चार काठ्या उभ्या आहेत. वूडने मामी अंगणात शिरलेल्या बकऱ्या हाकलते. ते नवं लोखंड तिने आल्यापासून हलवलेलं नाही, त्याच्यापुढून झाडूही वळवून नेते. मी हायब्रीड उचलून उजेडात धरलं. खेळणारा जिथे मूठ धरतो तिथलं रबर खडबडीत आहे. पण अगदी वरचं टोक, झाकणासारखं असतं ते, झिजून गुळगुळीत, मधोमध थोडं खोल. ही काठी मामाच्या मालकीची होती, तिच्यासाठी कोणी साहेब मागे हात करणार नव्हता. तरी दर दिवाळीला तो ओसरीत बोलताना तिच्या टोकावर तळहात ठेवून बसायचा. मी त्यावर माझा तळहात ठेवून पाहिला. बसला.

त्या सकाळी त्या ओल्या गवतात दोन पाहुणे उभे होते. दोघांनाही पोट भरण्यासाठी पिशवी उचलायची नाही. रविवारची पुरवणी तुमच्या घरी येत असेल. तुमच्यापैकी एक जण हायब्रीड बघून हसला होता. तुम्हाला आठवतं कोण. समितीला एक ओळ लिहा: त्याचा हात हायब्रीडवर होता. आणि तुम्ही, जे त्या मैदानाचे सभासद आहात, नाव न छापताही ज्यांनी ते ओळखलं, येत्या रविवारी पहिला फटका मारण्याआधी शेडपर्यंत चालत जा. कधी गेला नसाल. फळा वाचा. देविदास या नावापुढचे दोन शब्द स्वतःच्या हाताने पुसा, आणि त्या जागी खरं ते लिहा. 'बोलला नाही.' खाली कोणी बोलू दिलं नाही, तेही लिहा.